मसुद्यात राहिलेला मेल

माझी बायको, ही, ऑफिसात कोसळल्याचं मला मंगळवारी दुपारी पावणेतीनला कळलं. मी एका गिऱ्हाइकाकडे दाराची चौकट बसवत होतो. फोन हिच्या ऑफिसातून आला. हातातलं टाकून निघालो, पण पोचेपर्यंत ही गेली होती. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी डबा न घेताच बाहेर पडलो होतो.

पंधरा दिवसांनी मेहुणीचा फोन आला. ती हिची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहते.

"भाऊजी, त्या दिवशी ताई मला फोनवर म्हणाली होती, तुला मेल लिहायला घेतलाय, संध्याकाळी पुरा करून पाठवते. मसुद्यात पडला असेल. बघता का?"

मला तो बघायचा होता आणि नव्हताही. भांडणाबद्दल हिने बहिणीला काय लिहिलं असेल, तेवढंच डोक्यात घोळत होतं.

मेलचा सगळा कारभार हिचाच होता. घरच्यांचे मेल परक्या कंपनीकडे कशाला, म्हणून हिने कपाटात एक छोटा कंप्युटर बसवला होता. फळी मी ठोकून दिली, बाकी मला ओ की ठो कळत नाही. पासवर्ड हिच्या वहीत सापडला. घरच्या जुन्या कंप्युटरवर मेलचं पान उघडलं, हिचं नाव लिहिलं, पासवर्ड एकेक अक्षर बघून टाकला. लॉगिन चुकलं म्हणे. पुन्हा टाकला. चष्मा पुसून टाकला. पाचव्या खेपेनंतर तर पानच उघडेना. कपाटातल्या कंप्युटरची वायर काढून परत लावली. दिवा लागला, पान नाही. वाटलं, मीच मोडलं.

"बंद पडलं गं सगळं," मी मेहुणीला सांगितलं.

"छे! माझाही मेल तुमच्याच कपाटातून येतो, तो चालू आहे. लॉगिनला पूर्ण पत्ता टाकलात ना? अ‍ॅटच्या पुढचाही?"

"नुसतं नाव टाकलं. घरातल्या घरात पत्ता कशाला?"

"धन्य आहे तुमची! घरातलं दार म्हणून बिजागरी लावत नाही का? पासवर्ड सांगा, मी इथून बघते."

मी चष्मा चढवला. मग वहीतून वाचून दाखवला.

"उघडलं," ती म्हणाली.

मी कपाटासमोर उभा, आणि उघडलं ते तिच्याकडे. मला काही उमगेना.

"आहे का?"

"आहे. वाचू?"

"वाच. काही गाळू नकोस."

तिने वाचलं. गुडघा दुखतोय. पडदे धुतले. सुताराची बायको आहे मी, आणि आमचा चमच्यांचा खण दोन महिने अडकतोय. मेहुणी हसली, मलाही हसू आलं. मग ती वाचायची थांबली.

"पुढे?"

"'आज सकाळी यांच्याशी'. एवढंच आहे, भाऊजी."

"यांच्याशी काय?"

"मला कसं कळणार? खालपर्यंत बघितलं. काही नाही."

हिच्या ऑफिसातल्या एकाला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. तो म्हणाला, पाचदा चुकलं की कपाटातला सर्व्हर पासवर्ड टाकणाऱ्या कंप्युटरला चोर समजतो आणि बंदीच्या यादीत टाकतो. तो घरातला आहे की बाहेरचा, हे त्याला कळत नाही. वायर काढली तरी यादी पुसली जात नाही. काकूंनीच तसं केलं असणार, काळजीपोटी.

"मग नाव काढा की."

"त्याला सर्व्हरचा वेगळा मुख्य पासवर्ड लागतो, काका. तो कुठे लिहिलाय का?"

वही दोनदा चाळली. नाही.

मेहुणीने तो मेल पुसलेला नाही, तसाच मसुद्यात ठेवलाय. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी अजून पाहिलेला नाही. आमच्या घरचा कंप्युटर त्या यादीतून काढायचा राहिला आहे.