आरसा सरकल्याची तारीख

आठवडाभर आमच्या वेधशाळेच्या गच्चीवर सहा देशांची सहा उपकरणं सूर्याकडे तोंड करून उभी होती. डोक्यावरचा ओझोनचा थर मोजणारी ही लांबलचक पत्र्याची धुडं दर काही वर्षांनी एकत्र आणतात, एकाच क्षणी एकच सूर्य दाखवतात आणि कोण खरं बोलतंय ते ताडून बघतात. आमचं धूड मागच्या दोन खेपांना गेलंच नव्हतं. परवानगीचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते. यंदा पाहुणेच आमच्याकडे आले आणि आमची शोभा घरच्या घरी झाली.

"तीन टक्के जास्त दाखवतंय," तपासनीस बाई म्हणाल्या. आतला एक आरसा केसभर सरकला होता, आणि धक्का बसल्याशिवाय तो सरकत नाही. "कधी बसला धक्का?"

नोंदवहीत काहीच नव्हतं.

"मग मागच्या तपासणीपासूनची अकरा वर्षं बाद. तारीख मिळाली, तर तिथून पुढे दुरुस्ती लावता येईल."

"उपग्रहाच्या आकड्यांवरून काढा की तारीख."

"उपग्रह बरोबर आहे का, ते आपण यांच्यावरून तपासतो. त्याच्यावरून यांना सुधारलं, तर दोघं एकमेकांची पाठ थोपटत बसतील." त्यांनी धक्क्याच्या नोंदीचा एक फॉर्म माझ्या हातात दिला. त्याही थकलेल्याच दिसत होत्या.

अकरा वर्षं! ढग नसेल त्या प्रत्येक दिवशी पाच-पाच वेळा मी ते धूड गाड्यावरून उन्हात ढकललंय. उजव्या गालावर कायमचा काळा चट्टा पडलाय. सणवार, ताप, लेकीची शाळा, काही म्हणून पाहिलं नाही. आणि हे सगळं एका आरशापायी पाण्यात!

हा वारसा माझ्याकडे सासऱ्यांकडून आला. नवऱ्याला गणिताचं वावडं, म्हणून माझ्या गळ्यात पडला. सासरे चहासुद्धा सेकंदकाटा बघून उकळायचे. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत आकडा खालीच येत गेला. शेवटच्या वर्षी, मी त्यांच्या हाताखाली शिकत असताना, तो वर उचलला गेला. तेव्हापासून मी शाळाशाळांत सांगत फिरतेय, की थर भरून येतोय, आपल्याही डोक्यावर. सासरे पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे.

संध्याकाळी घरी गेले, तर ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. फॉर्म हातात धरूनच, चप्पल काढता काढता मी विचारलं, "बाबा, उपकरणाला कधी धक्का बसला होता का?"

त्यांचा हात थांबला. "माझ्या शेवटच्या वर्षी, मार्चचा दुसरा बुधवार," ते म्हणाले. "अकरा वाजून वीस मिनिटं. तू खाली रजेचा अर्ज द्यायला गेली होतीस. उंबऱ्यावरून उतरवताना गाडा हातातून सुटला."

"आणि लिहिलं नाहीत? तुम्ही?" माझा आवाज चढला. "मी एक मिनिट चुकले, तर दिवसभर ऐकवायचात!"

"तपासून लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो वर चढलेला आकडा आला."

मला मनापासून ओरडायचं होतं, पण त्या दिवशी आकडा मोठ्याने वाचणारी मीच होते. नवी नवी होते, तरी एवढी मोठी उडी एका रात्रीत कशी, हे मनात आलं होतं. विचारलं मात्र नाही.

"मग खरा किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

"तीन टक्के वजा केले, की धक्क्याआधी होता तेवढाच. वर नाही, खाली नाही."

"अकरा वर्षांत काहीच नाही?"

"काहीच नाही, बाबा."

त्यांनी तेलकट हात पंच्याला पुसले आणि म्हणाले, "आण तो कागद. माझ्या अक्षरात लिहितो."

तारीख, वेळ, धक्क्याची जागा त्यांनी न अडखळता लिहिली. शेवटचा रकाना होता, 'तेव्हाच नोंद न करण्याचं कारण'. मी म्हटलं, "विसरलो म्हणून लिहा. कोण विचारतंय?"

त्यांनी लिहिलं, "आकडा आवडला."

खाली साक्षीदाराची जागा होती. मी तिथे माझं नाव घातलं, आणि रकान्यातल्या शेवटच्या शब्दाआधी 'आम्हाला' एवढं लिहिलं.