डोमाजीची हाडं

देवमनच्या मते ललित हा शुद्ध बह्याड, म्हणजे पार येडपट माणूस होता, आणि हे मत बनायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

अमरावतीतलंच एक मेडिकल कॉलेज, नाव कशाला हवं! तिथल्या शरीररचनेच्या म्युझियमवर देवमन अटेंडंट. काचेच्या बरण्यांत फॉर्मॅलिन भरण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. तिथे हा पुण्याचा कलावंत दोन महिन्यांच्या ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’वर येऊन टपकला. पहिल्याच दिवशी बरण्यांपुढे डोळे मिटून उभा राहिला नि म्हणाला, “काका, मला इथली शांतता ऐकू येतेय.” देवमनला नुसता एक्झॉस्ट फॅन ऐकू येत होता.

दीड महिना या गृहस्थानं चहा ढोसला, फोटो काढले आणि वहीत ‘देह’, ‘स्मृती’ असले शब्द लिहून त्यांना गोल केले. मग त्याची नजर म्युझियमच्या कोपऱ्यात टांगलेल्या सांगाड्यावर गेली.

“हा अनाम देह मी मुक्त करणार,” तो म्हणाला. तारा काढायच्या, हाडं जमिनीवर वर्तुळात मांडायची, मधोमध पणत्या.

“अनाम काहून? डोमाजी हाये तो!” देवमन म्हणाला.

डोमाजी म्हणजे देवमनच्या आधीचा अटेंडंट. शिक्षण चौथी, पण मणक्यांचा क्रम डॉक्टरांना समजावून सांगायचा. हाडं साफ करायला, तारेत ओवायला देवमनला त्यानंच शिकवलं. देहदानाच्या फॉर्मवर सही करून त्यानं बजावलं होतं, “देवमन्या, मले तूच जोडजो. पोट्टे शिकले पायजेत माह्यावर.” म्हातारा गेल्यावर देवमननं आठ महिने खपून त्याला जोडला. तेव्हापासून दरेक नवी बॅच आधी डोमाजीला हात जोडायची, मग त्याच्या बरगड्या मोजायची.

देवमन डीन मॅडमकडे धावला. “मॅडम, मोकळा नका करू त्याले. शब्द देल्ला मी म्हाताऱ्याले.”

“अहो देवमन, पेपरात फोटो येणार आहे,” मॅडम म्हणाल्या. झालं! फोटो म्हटल्यावर कुठला डोमाजी अन् कुठलं काय. ललितनं स्वतः पक्कड घेऊन तारा तोडल्या.

उद्घाटनाला गावातली बडी मंडळी आली. हाडांकडे बघून माना डोलवू लागली. डाव्या-उजव्याचा पार काला झालेला, आणि मांडीचं हाड पणतीला टेकून काळं पडलेलं. ते पाहिलं नि देवमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो सरळ आत घुसला, पणत्या विझवल्या, खाली बसला आणि हाडं वेचू लागला. पहिल्या वर्षाची तहरीम पुढे आली नि त्याच्या शेजारी बसली.

“काका, हे डावं ना?”

“उजवं. नीट पाह्य.”

आणखी चार-पाच पोरं बसली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. ललित माइकवर म्हणत होता, “प्रेक्षकच कलाकृतीत शिरतो, हेच मला म्हणायचं होतं!” लाज म्हणून नाही मेल्याला.

“टाळ्या कायच्या वाजवून राह्यले?” देवमन ओरडला. “माणूस गोळा करून राह्यलो आमी!”

टाळ्या आणखीच वाढल्या. डीन मॅडम तर उभ्या राहून वाजवत होत्या.

“काका, उजव्या हाताची सत्तावीस हवीत,” तहरीम म्हणाली. “सव्वीसच भरली.”

देवमननं जमिनीवरून नजर फिरवली. गुडघ्यांवर सरकत तो खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत गेला.

“मॅडम,” तो म्हणाला, “पाय उचला.”