ज्याचं त्याचं कडवं

आवडती गायिका कोण म्हणून विचारलं की लोकांना रेडिओवरचं नाव पायजे असतं. मी गोजाकाकी सांगते. मंग विचारतात, ही कुठली, हिची कॅसेट मिळते का? नाय मिळत. तिचा फोटोपण एकच, मतदानाच्या कार्डावरचा, त्यात ती चोरी करताना धरल्यासारखी दिसते. पण मी आयुष्यात पहिला जीव टाकला तो तिच्या आवाजावर, आणि त्या आवाजाचं आमच्या वाड्यानं काय केलं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

किन्हवलीच्या पुढं आमचा बौद्धवाडा. गोजाकाकी माझी सख्खी काकी नव्हती, पण वाड्यात सगळ्याच काक्या. वर्षभर ती दुसऱ्यांच्या शेतावर राबायची. कुणाच्या घरी बाळाचं नाव ठेवायचं निघालं की हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून पाळण्यापाशी यायची. आधी वंदना व्हायची, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागायच्या, बाप्ये चहा प्यायला बाहेर जायचे आणि मंग आत तिचा पाळणा सुरू व्हायचा. आवाज गोड नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू? जाडा होता, मिसरीनं खरखरीत झालेला. पण तो सुरू झाला की रडतं पोर गप व्हायचं आणि गप बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

पाळण्याची आधीची कडवी सगळ्या पोरांना सारखीच, ती सगळ्या बाया मिळून म्हणायच्या. शेवटचं कडवं मात्र गोजाकाकी एकटी म्हणायची. ते त्या बाळासाठी नवं केलेलं असायचं. बाळ आलं त्या दिवशी घरात काय झालं, ते विचारून घ्यायची आणि तिथल्या तिथं जुळवायची. मी पुनवेची, म्हणून नाव पौर्णिमा. वाड्यात तेव्हा लाइट नव्हती, रॉकेलच्या चिमण्या असायच्या. माझं कडवं असं:

पुनवेची लेक आली गो घरा,
चिमणी कशाला, विझवा जरा.

महेंद्रमामाचा रत्नदीप वादळात जन्मला. त्याचं कडवं:

रत्नदीप आला वाऱ्यावानी,
कौलं उडाली, घरात पाणी.

वाड्यात ज्याचं त्याचं कडवं ठरलेलं. कबड्डीत रत्नदीप बाद झाला की आमी ओरडायचो, उडाली रे कौलं! माझ्या लग्नात हळद लावताना बायांनी माझं कडवं म्हटलं, तेव्हा मी ढसाढसा रडले.

लहानपणी मी एक नामकरण चुकवायचे नाय. काकीच्या मांडीला मांडी लावून बसायचे, तिच्या गळ्याची शीर फुगायची ती बघत राहायचे. घरी येऊन सुपाला दोरी बांधून, भोपळा त्यात निजवून तिच्यासारखं गायचे. आई म्हणायची, भोपळ्याचं नाव काय ठेवलंस गो? मी भोपळ्यालापण कडवं केलेलं.

मंग शहाण्णवचा पावसाळा आला. नाल्याचं पाणी विहिरीत उतरलं. तेच पाणी आमी सगळे प्यायलो, सगळ्यांना जुलाब लागले. मोठी माणसं सावरली, तान्ही पोरं कुठून सावरणार? रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी वाहत होतं, जीप यायला तयार नाय. त्या पावसात वाड्यातली तीन बाळं गेली. तिसरं गोजाकाकीच्या स्वतःच्या लेकीचं, काकीच्याच मांडीवर गेलं.

तिघांचा पाळणा तिनं गायलेला. गायलेलाच असणार! वाड्यात दुसरं गाणारं होतं कोण? जी जगली त्यांचापण तिनंच गायलेला, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाय.

तोंडावर तिला कुणी काही बोललं नाय. फक्त त्यानंतरच्या नामकरणाचं आमंत्रण तिच्या दारापर्यंत पोचलं नाय. आमच्या विहाराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा रंगवलेल्या आहेत, ठळक निळ्या अक्षरात. महेंद्रमामा भातसानगरला नोकरीला, मंडळाचा अध्यक्ष. दर जयंतीला अंधश्रद्धेवर तासभर बोलायचा, माइक सोडायचा नाय. त्याच्या नातवाचं नाव ठेवायचं झालं तेव्हा त्यानं शहापूरवरून पाळण्याची कॅसेट आणली. मी त्याला विचारलं, मामा, काकी असताना कॅसेट कशाला? तो हसला आणि म्हणाला, "आपण मानत नाय गो असलं काय. पण कशाला उगाच?"

हेच एक वाक्य. वाड्यात ज्याला त्याला विचारा, हेच. मानत नाय, पण कशाला उगाच. एखाद्यानं सरळ शिवी दिली असती तर काकी भांडली तरी असती, तोंडानं काय कमी नव्हती ती. ह्या वाक्याशी कोण भांडणार? नामकरणाच्या घरी कॅसेट लागायची आणि गोजाकाकी आपल्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत राहायची. त्यानंतरच्या पोरांना कडवीच नायत. त्यांना चिडवायलासुद्धा काही नाय.

माझं लग्न होऊन मी मुरबाडकडं गेले, म्हसा गावाजवळ. दोन हजार तीन साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. शहापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि मी तिथंच खाटेवर ठरवलं, हिचा पाळणा गोजाकाकीच गाणार. माझ्या लेकीला तिचं कडवं पायजे म्हणजे पायजे.

आईला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तूपण? तर म्हणाली, मी कुठं काय मानते, पण तुझ्या सासरची माणसं येणार. माझ्या सासरच्यांना यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. मी आईवर खूप ओरडले. बाळंतिणीनं ओरडू नये म्हणतात, पण मी ओरडले. मंग कान बांधून, टाके दुखत असताना, मीच काकीच्या घरी गेले.

काकी पार वाळलेली. नाय म्हणाली. आवाज गेला गो, म्हणाली, आता नुसता खोकला राहिलाय. मी हटून बसले. तिचा हात धरून म्हटलं, माझं कडवं तू केलंस, माझ्या लेकीचं कोण करणार, ती कॅसेट? काकीनं मिसरीची डबी बाजूला सारली. मंग हळूच विचारलंन, "झाली तेव्हा काय झालेलं?"

मी सांगितलं, ऐन वेळेला लाइट गेली काकी. नर्सबाईनं बॅटरी तोंडात धरून नाळ कापली. काकी हसायला लागली. माझ्या वेळी चिमणी विझवायला निघालेली आणि लेकीच्या वेळी तोंडात बॅटरी! हसता हसता तिला खोकला लागला, मी पाठ चोळली. येते, म्हणाली. मी जिंकल्यासारखी घरी आले.

नामकरणाच्या दिवशी ती आली, तेच पांढरं लुगडं नेसून. बायांनी तिला जागा करून दिली, जरा जास्तच जागा करून दिली. माझी सासू बिचारी म्हणाली, या आजी, बसा. वंदना झाली, मुलीचं नाव संघरत्ना ठेवलं. बाकीचे बाप्ये बाहेर गेले, महेंद्रमामा टेपरेकॉर्डर घेऊन दाराशीच उभा राहिला. असूदे जवळ, म्हणाला.

काकीनं पाळण्याची दोरी हातात घेतली. पाळणा सुरू झाला. सगळ्या बाया म्हणत होत्या, त्यामुळं आधी मला समजलंच नाय. मी काकीच्या गळ्याकडं बघत होते, लहानपणी बघायचे तशी. शीर फुगत नव्हती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

शेवटच्या कडव्याला बाया थांबल्या. ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाय. घरात शांत झालं, दोरीची करकर तेवढी ऐकू येत होती. काकी पाळण्यावर वाकली आणि तिचे ओठ हलले. एक ओळ, मंग दुसरी. संघरत्ना टकामका तिच्याकडं बघत होती. काकीनं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, दोरी माझ्या हातात दिली आणि ती उठली. महेंद्रमामानं घाईघाईनं बटण दाबलं.

मी पोर तशीच ठेवून तिच्या मागं अंगणात गेले. म्हटलं, "काकी, गायलीस का नाय?"

"गायले ना."

"आवाज कुठं होता?"

"माझा आवाज बाधायला नको गो तिला."

मी तिला धरून हलवलं. म्हटलं, काकी, विहिरीच्या पाण्यानं गेली ती पोरं, तुला ठाऊक नाय का? मीपण तेच पाणी प्यायले, माझीपण आतडी तोंडाला आलेली. तिनं माझा कानाचा फडका नीट बांधला. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काय नव्हतं.

"ठाऊक हाय बाय. पाण्यानंच गेली," म्हणाली. "पण कशाला उगाच?"

तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि तिला धरलेले माझे हात सुटले. वाड्यानं तिला बोलवायचं बंद केलं ते मी विसरले असते एखाद वेळ. पण त्यांचं ते वाक्य तिच्या गळ्यात उतरवलं आणि तिचं गाणं बाहेर काढलं, ते मी कसं विसरू?

गोजाकाकी दोन हजार आठला गेली, म्हशाची जत्रा चालू होती तेव्हा. छातीत कफ झाला म्हणाले. पुण्यानुमोदनाला मी संघरत्नाला घेऊन आले. विहारासमोर मांडव, माइक, काकीचा तो कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातलेला. महेंद्रमामा बोलायला उठला. आपल्या वाड्याची कोकिळा गेली, म्हणाला, आणि गळा दाटून आला त्याचा. खरंच दाटून आला, ढोंग नव्हतं, त्याचाच जास्त राग येतो. मंग रत्नदीप उठला, त्यानं माइकवर आपलं कडवं म्हटलं. सगळे हसले. मंग एकेक जण उठत गेला, ज्याचं त्याचं कडवं म्हणत गेला. बायका हसतपण होत्या, डोळेपण पुसत होत्या.

संघरत्ना माझ्या मांडीवर बसून सगळ्यांची कडवी ऐकत होती. मधेच तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि मोठ्यानं विचारलं, "आये, माझं काय हाय?"

पुढच्या ओळीतल्या बायांनी मान वळवली. मी म्हटलं, "तुझं हाय बाय. काकीनं केलेलं."

"मंग म्हण ना."

तेवढ्यात महेंद्रमामानं माइकवर सांगितलं, आता सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहून गोजाबाईंना श्रद्धांजली वाहूया. सगळे उठले. मांडवात कुणाचाच आवाज नव्हता. संघरत्ना माझा हात धरून, मान वर करून माझ्या ओठांकडं बघत उभी होती.