फौजदाराचा लिलाव

फौजदारानं तिसऱ्यांदा पोटरी फोडली, तेव्हा कडुबा विळा घेऊनच लीलाबाईच्या अंगणात घुसला.

"मावशे, बाहीर काढ त्याला! आज एक तर तो ऱ्हाईल, नाय तर मी!"

"मंग तूच जा," लीलाबाई चूल फुंकता फुंकता म्हणाली. "तो कामून जाईल? त्याचं घर हाय हे."

फौजदार म्हणजे लीलाबाईचा कोंबडा. तांबडा, माजलेला आणि मानेला बाराही महिने ताठा. वाडीत त्यानं कुणाचीच भीड ठेवली नव्हती. मीटर बघायला येणारा माणूस बांधावरूनच ओरडून आकडा विचारायचा. मी लीलाबाईचा शेजारी, माझ्याही पायावर दोन खुणा आहेत. तोंडानं मी कडुबाला "जाऊ दे रे" म्हणत होतो, पण मन विळ्याच्या बाजूनं होतं.

लीलाबाईचं चित्त मात्र त्या दिवशी भांडणात नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पास्टर यायचे होते.

आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं सात. देवगाव रंगारीपासून सहा किलोमीटर आत, आणि रस्त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. पास्टर राजेंद्र शहरातल्या छावणी भागातून मोटारसायकलवर निघतात, नऊ गावं फिरतात आणि महिन्यातला एक रविवार आमच्या वाट्याला देतात. गाडी येताना चालू असते, जाताना आम्ही ढकलतो.

लीलाबाईला नवरा नाही, मूलबाळ नाही, गुडघे तर कधीचेच गेलेले. तिची इच्छा एकच. आपल्या मयतीला पास्टर राजेंद्रांनीच गावं. माणसाचा गळा आहेच तसा. नऊ वर्षं ती दर महिन्याला त्यांच्याकडून मयतीची गाणी म्हणवून घेत होती आणि नापास करत होती.

"हे लई रडकं हाय, पास्टर. म्या मेले म्हनून काय झालं? लोकायनी घरी जाताना जरा बऱ्या मनानं जावं."

आणि नेमकं हेच आता धोक्यात आलं होतं. वैशाखातल्या वादळानं आमच्या प्रार्थनेच्या खोलीचे पत्रे उचलले आणि नदीपलीकडं नेऊन टाकले. पुढं सप्टेंबरच्या पावसानं दार कुजवलं. शहरातल्या कमिटीनं कळवलं की पास्टर एक आणि गावं नऊ. ज्या गावात नाताळच्या आत धड छप्पर नसेल, ते फेरीतून कमी होईल. तिथल्या लोकांनी देवगावला यावं.

"जित्तेपनी मला देवगाव व्हत नाय," लीलाबाई म्हणायची, "अन् मेल्यावर मला कोन नेतंय?"

त्याच रविवारी कापणीचा सण होता. शेतातलं पहिलं पीक देवापुढं ठेवायचं, मग त्याचा लिलाव करायचा आणि येईल ते मंडळीच्या कामाला लावायचं, ही आमची जुनी चाल. घेणाऱ्याला वाटलं तर तो वस्तू 'देवाला परत' म्हणून देऊन टाकतो आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एकदा बोललेलं मात्र कुणी माघारी घेत नाही.

पण यंदा ठेवायचं काय? मक्याला कणसातच मोड आले होते, कापूस काळा पडला होता. माझी अद्रक तर अशी सडली की तिचा वास आधी पोचला आणि टोपली मागून. बिनछपराच्या खोलीपुढं टेबलावर एवढंच मांडलं होतं. लिलाव म्हणजे फुकटची करमणूक, म्हणून सगळा गाव लिंबाखाली जमलेला. पास्टरांनी आशेवर उपदेश केला. फार चांगला केला, पण ऐकताना सगळ्यांची नजर माझ्या अद्रकीवर होती.

तेवढ्यात लीलाबाई काठी टेकत आली. मागून दोन पोरी डालं उचलून आणत होत्या. डाल्यात फौजदार होता.

"दुसरं काय नाय माह्याकडं," ती म्हणाली. "देवाला हेच." आणि डाल्याकडं पाठ करून बसली.

पास्टरांनी घसा साफ केला. "मंडळी, पैसा कुणाकडंच नाही, मला माहीत आहे. छपराला जे लागतं, ते बोला."

पहिला आवाज कडुबाचाच आला. तो काही आमच्या मंडळीतला नाही, पण त्याची पोटरी होती ना. "एक खेप वाळू! घरी मसाला वाटून ठिवलाय, पास्टर!"

"दोन खेपा!" सरपंच शिवराज गरजले. त्यांची पांढरी विजार मागच्याच आठवड्यात फाटली होती.

"दोन खेपा, अन् दोन दिस मी सोता कामाला!"

पास्टरांनी टेबलावर तीनदा हात मारला. कोंबडा कडुबाचा झाला. कडुबानं बाह्या सारल्या, डालं उचललं आणि पुढचं आम्हाला नीट दिसलंच नाही. कडुबा पुढं आणि फौजदार मागं, लिंबाला तीन चकरा झाल्या. शेवटी कडुबा सरपंचांच्या ट्रॅक्टरवर चढला आणि वरून ओरडला, "देवाला परत! देवाला परत!"

"वाळू राहिली बरं का," पास्टर म्हणाले.

आता सरपंचांना चेव आला. "माह्या कांदाचाळीचे बारा पत्रे! कांदा समदा सडला, पत्रे कुनाला सावली करतेत? द्या इकडं त्याला!"

त्यांनी शहाणपणानं अंगावरची शाल टाकून कोंबडा धरला. दहा पावलं चांगले गेले. अकराव्या पावलाला शालीतून चोच बाहेर आली. सरपंचांना तीच शाल कमरेला गुंडाळून बसावं लागलं. "परत," ते दात चावत म्हणाले, आणि फौजदार आपणहून डाल्यात जाऊन बसला.

देवगावचे निजामुद्दीनभाई वेल्डिंगवाले बायकोला घेऊन गंमत बघायला आले होते. ते उठले. "मेरेकू कापनेकू नक्को. मला दुकानावर राखणीला पायजे असा. अँगल माझे, वेल्डिंगबी माझी."

बोली लागली. हसीनाबी उठून उभ्या राहिल्या. "सुनो जी, घरमें ये रहेगा या मैं रहूँगी."

निजामुद्दीनभाई क्षणभर विचारात पडले. हसीनाबींनी ते पाहिलं. मग मात्र भाईंनी पटकन "देवाला परत" म्हटलं, पण उशीर झालाच होता. घरी जाईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, असं पुढं कळलं.

लिलावाची नशा वाईट. मला कोंबडा नको होता, देवाशपथ नको होता. तरी मी उभा राहिलो आणि न्हाणीसाठी आणलेली चार पोती सिमेंट बोलून बसलो. बायकोनं माझ्याकडं जे बघितलं, त्यापुढं फौजदार बरा. मी डाल्याला हातही न लावता परत केला.

पास्टरांनी बोटांवर मोजून पाहिलं. वाळू, पत्रे, अँगल, सिमेंट, सगळं झालं. "आता दार तेवढं राहिलं," ते म्हणाले. "नुसत्या भोकाला कमिटी खोली म्हणायची नाही. बोला मंडळी."

कुणी बोलेना. एक तर दार कुणाकडं नव्हतं आणि दुसरं म्हणजे कोंबडा खरंच मिळाला असता.

"माही बोली," लीलाबाई म्हणाली.

"मावशी, कोंबडा तुमचाच आहे."

"देवाचा हाय आता. बोली घ्या. सागवानी फळ्या देते, दाराला."

तिच्या खाटेखाली खताच्या गोण्यांत गुंडाळलेल्या फळ्या होत्या, हे वाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बांधावरचं साग तोडून नवऱ्यानं दोघांच्या मापानं मयतीच्या दोन पेट्यांपुरत्या फळ्या कापून घेतल्या होत्या. एका पेटीतून तो गेला. उरलेल्या फळ्या तिच्या पेटीच्या.

पास्टर टेबलापुढून निघून तिच्याजवळ गेले. "मावशी, मग तुमच्या पेटीचं काय?"

"राजेंद्रा," ती म्हणाली. एरवी ती त्यांना नावानं कधी हाक मारत नसे. "पेटी हाय अन् गायला कोन नाय, असं मरून काय करू? त्यापरीस बिनपेटीची जगते. तू येत जा म्हंजे झालं."

पास्टरांनी तीनदा हात मारायचा तो एकदाच मारला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, लाज कशाची? ट्रॅक्टरवरून कडुबानं मोठ्यानं नाक शिंकरलं. फौजदार डाल्यातून निघून निमूटपणे लीलाबाईच्या काखेत गेला.

डिसेंबरात छप्पर चढलं. सुतार म्हणाला, दाराला फळ्या आखूड पडतात, वरून जोड लावू. लीलाबाईनं जोड लावू दिला नाही. "माह्या फळ्यायला दुसरं लाकूड लावायचं नाय." मग वरचा गाळा विटांनी बुजवला आणि दार जेवढं निघालं तेवढंच बसवलं.

नाताळच्या आधी कमिटीचे सेक्रेटरी पाहणीला आले. साहेब सहा फुटी. पास्टर सवयीनं वाकून आत गेले, साहेब मात्र ताठ गेले. आवाज असा झाला की बाहेरची बकरी पळाली. कपाळ चोळत त्यांनी पत्रे पाहिले, अँगल हलवून पाहिले.

"छप्पर उत्तम झालंय," ते म्हणाले. "पण दार इतकं ठेंगणं? माप कुणी दिलं याचं?"

आम्ही सगळे जमिनीकडं बघायला लागलो. पास्टरांनी घाईनं गाण्याचं पुस्तक उघडलं.

"म्याच दिलं," पुढच्या सतरंजीवरून लीलाबाई म्हणाली. "झोपून."

साहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी वहीत वाडीचं नाव कायम केलं आणि जाताना पुन्हा डोकं आपटून घेतलं.