तरीचा दोर आणि ठमाबाईचा धवला

मित्रांनो, या खोपटात वाकून शिरलात आणि कोपऱ्यात वेटोळं दिसलं, तर ओरडू नका. मी साप नव्हे. परवा एका पाहुण्याने मला काठीने चांगलं झोडपलं, आणि मग दिवा आणून पाहिल्यावर वर मलाच हसला! मी एक जुना दोर आहे, कल्याणच्या तरीचा. तर म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी मोठी नाव. तिची वल्ही, फळ्या आणि मी, असा आमचा इथे संसार. माझ्या अंगाला खारट वास येतो, मधोमध एक गाठ आहे, आणि स्वभाव म्हणाल तर थोडा ताठच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तुम्ही म्हणता ना? ते आमच्याच घराण्याबद्दल.

माझा जन्म नारळाच्या सोडणांतून झाला. ती सोडणं कित्येक महिने चिखलात कुजत पडली होती. मग बायकांनी ती दगडावर कुटून काथ्या मोकळा केला, त्याचे तीन लांबलचक पेड वळले, आणि ते तीन पेड एकमेकांवर पिळले तेव्हा मी झालो. चांगला पाचशे हात लांब! मला करून घेतलं काळुराम तरवाल्याच्या बापाने. काळुराम आगरी, मिठागरात वाढलेला. बापामागून तर त्याच्याकडे आली आणि तरीबरोबर मीही आलो.

माझं काम पावसाळ्याचं. तेव्हा शिडाची गलबतं किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि खाडी मोकळी असते. पुराच्या पाण्यात वल्ह्यांचं काही चालत नाही. मग मला या काठापासून पलीकडच्या कोनगावापर्यंत बांधत, आणि उतारू मला धरून, हात पुढे पुढे टाकत, तर ओढून नेत. किती हात लागले असतील मला! चिखलाचे, हळदीचे, बांगड्यांचे, कापऱ्या म्हाताऱ्यांचे. आठ महिने मात्र माझ्याकडे ढुंकून कोणी बघत नसे. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय.

म्हणून एका हिवाळ्यात काळुरामने मला बाहेर काढलं, तेव्हा मी चक्रावलोच. राणीसरकारच्या राज्याला पन्नास वर्षं झाली होती आणि गावातल्या मोठ्या लोकांच्या कमिटीने खाडीवर दारूकाम ठरवलं होतं. बाण, नळे, गरगरणारी चक्रं! सगळं सामान एका तराफ्यावर मांडून तराफा खाडीत उभा केला होता. ठिणगी एखाद्या शिडावर किंवा गवताच्या पडावावर, म्हणजे मालाच्या होडीवर, पडली तर अनर्थ व्हायचा. म्हणून दवंडी पिटली गेली, की आज सात वाजल्यापासून दारूकाम संपेपर्यंत खाडीत एकही होडी हलणार नाही. आणि होड्या अडवायला कोणाला आडवं बांधलं? मला! मित्रांनो, ज्याने जन्मभर माणसं पार केली, त्यालाच वाट अडवायला उभं केलं. मला फार वाईट वाटलं.

बंदोबस्त दौलतरावांकडे होता. ते आगगाडीच्या मालधक्क्यावरचे मुकादम. खिशात साखळीचं घड्याळ, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दावर शिक्का. त्यांनी स्वतः माझी गाठ तपासली तेव्हा त्यांचा तळवा मला लागला. अर्धा तळवा भाजून बरा झालेला, गुळगुळीत. दूरच्या एका बंदरावर असंच दारूकाम चाललं असताना गवताचा पडाव पेटला होता आणि त्यातली माणसं ओढून काढताना त्यांचा हात भाजला होता. तेव्हापासून बंदोबस्त म्हटला की ते डोळ्यांत तेल घालून उभे राहत.

दारूकाम बघायला कुठून कुठून होड्या आल्या! भरतीवर कोलशेतकडच्या वर आल्या, टिटवाळ्याकडच्या खाली उतरल्या. तराफा माझ्या खालच्या अंगाला, म्हणून सगळ्यांना वरच्या अंगाला उभं केलं. अष्टमीची भांग होती, म्हणजे भरती-ओहोटी लहान आणि पाण्याला ओढ थोडी. होड्यांनी नाळी, म्हणजे पुढची टोकं, माझ्याकडे करून मलाच धरलं आणि एकीला एक लागून उभ्या राहिल्या. पोरं काठांवर बसून चणे खात होती. दौलतरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सात. बंद!"

तेवढ्यात धापा टाकत ठमाबाई आली.

ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भट नसला तरी निभतं, पण धवला गाणारी बाई लागतेच. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. ती गाते तशी हळद लागते, ती गाते तसं लगीन लागतं. त्या दिवशी सकाळी तिने अलीकडे एक लगीन लावलं होतं आणि संध्याकाळी कोनगावात सगुणाचं होतं. मुहूर्त दिवेलागणीनंतरचा. शेवटच्या खेपेने आपण आरामात पोचतो, असा तिचा हिशेब.

"काळुराम, सोर रं तो दोर! मना पल्यार जावाचं हाय."

"आजी, सात वाजले," दौलतराव म्हणाले. "आता होडी नाही."

"कंचे सात? गावाचे का आगगारीचे? गावाचे टोल अजून परले नाय!"

म्हातारीने नेमकं बोट ठेवलं. त्या काळी आगगाडीचं घड्याळ गावाच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे चालायचं. दवंडीत नुसतं सात म्हटलं होतं. कोणाचे सात, हे सांगायचं कमिटीच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाव आपल्या सातावर निर्धास्त होतं आणि मुकादमांचे सात वाजून गेले होते.

काळुराम हात जोडून म्हणाला, "मुकादमसायेब, येकच खेप. तिला उतरवतंय न् परततंय."

"एक सोडली की साठ सुटतील, काळुराम. तिकडे दारू मांडून झाली आहे. अंधारात कोण कोणावर आदळेल आणि कोण तराफ्याजवळ जाईल, सांगता येतं का? मी एकदा पाहिलंय. पुन्हा बघायचं नाही."

खोटं कशाला बोलू, माणूस बरोबर बोलत होता. मागच्या होड्यांतून आरडाओरडा सुरूच झाला होता, "तिला सोरता तं आमाला पन सोरा!"

पलीकडून ढोल ऐकू येत होता. मग कोणीतरी किनाऱ्यावर येऊन लांब हाळी घातली, "ठमाआयेऽऽ! मुहूर्त झालाऽऽ! तुज्याबिगर लगीन लावाचं काऽऽ?"

ठमाबाई माझ्या खुंटाशी मटकन बसली. तिने हात माझ्यावर टेकला.

"सगुनाची आय गंगू," ती म्हणाली, "मरतानी माझा हात धरून बोलली, आक्के, माझ्या पोरीचा धवला तूच गा. मी व्हय बोलले. आता आयबिगर पोरीचं लगीन मुकंमुकं लागल, न् मी हितं चंद्रज्योती बघत बसू?"

दौलतरावांनी मान फिरवली. मला तर वाटलं, आत्ताच्या आत्ता तुटून पडावं. पण आम्ही दोर. आपण होऊन तुटणं आमच्या जातीत नाही.

ठमाबाईने पदराने डोळे पुसले आणि समोर पाहिलं. माझ्या लांबीभर, या काठापासून त्या काठापर्यंत होड्या उभ्या होत्या. ती एकदम उठली.

"मुकादम, होरी हलवाची नाय, येवरंच ना?"

"एवढंच."

"दोर सोराचा नाय?"

"नाही."

"मानसानी हलाचं नाय, आशी दवंडी पिटलीव का?"

दौलतरावांनी उगाच पुन्हा घड्याळ काढून पाहिलं.

"मंग मीच हलतंय," असं म्हणून म्हातारीने कासोटा खोचला, मला धरलं, आणि पाय पहिल्या होडीत टाकला.

काय सांगू तुम्हाला! एका होडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. जिथे जाईल तिथे दोन हात पुढे येत, "आये, हिकरून ये," "आये, इथं मासलीचं जालं हाय, पाय जप." कोणी पोराला उचलून जागा केली, कोणी आपली टोपली पाण्याकडे सारली. एकही होडी हलली नाही, एकाही होडीने मला ओलांडलं नाही, आणि ठमाबाई खाडी पार करत होती. पुरात लोक धरायचे तसं तिने मला धरलं होतं. माझं खरं काम मला परत मिळालं होतं! मी असा ताणून उभा राहिलो की विचारू नका.

"आजी, थांबा! पडाल!" करत दौलतराव कंदील घेऊन मागोमाग निघाले. आता एक गंमत सांगतो, पण त्यांना सांगू नका. मुकादमांना पोहता येत नव्हतं. जमिनीवर वाघ, आणि होडीत पाय टाकताच मांजर! त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझा काथ्या त्यांच्या नखांत गेला असेल. पण हातातला कंदील म्हातारीच्या पायांपुढे त्यांनी एकदाही हलू दिला नाही.

ऐन मध्यावर मात्र खोळंबा झाला. कोलशेतचा भिवा आणि टिटवाळ्याचा गोविंदा दुपारपासून जागेवरून भांडले होते. त्यामुळे दोघांनी होड्या फटकून उभ्या केल्या होत्या. मध्ये सहा-सात हात काळं पाणी.

"भिवा," ठमाबाई म्हणाली, "तुज्या लग्नाचा धवला कोनी गायला?"

"तू, आये."

"न् गोविंदा, तुज्या?"

"तूच की."

"मंग येकाच तोंडाच्या गान्यानं लगीन लागलेले दोघं! न् सहा हात पान्यावरून भांडताव? वढा तो दोर!"

दोघे खाली बघत पुढे झाले आणि मला धरून एकमेकांकडे ओढू लागले. दौलतराव क्षणभर थबकले. मग कंदील खाली ठेवून त्यांनी त्या भाजलेल्या तळव्याने मला धरलं. "होडी हलली नाही," ते पुटपुटले, "मी फक्त दोर आवळून घेतला." तिघांनी जोर लावला आणि माझा एक पेड तटकन तुटला! फार दुखलं, मित्रांनो. सगळ्या होड्यांचा भार उरलेल्या दोन पेडांवर आला. पण मी मनाशी म्हटलं, आज तुटलास तर नावाचा दोर नव्हेस. होड्या एकमेकींना लागल्या आणि ठमाबाई पुढे गेली.

कोनगावाच्या धक्क्यावर ती उतरली तेव्हा नवरी मांडव सोडून किनाऱ्यावर आली होती. सगुणाने म्हातारीला मिठी मारली. "चल गो बाय, मुहूर्त जाल," म्हणत ठमाबाई तिला घेऊन गेली आणि लगेच तिचा आवाज चढला. "गंगूच्या लेकीला हलद लावा गो." गंगूचं नाव घेताना तो अंमळ वर गेला. पाणी मवाळ होतं, हवा स्तब्ध होती. तो आवाज खाडीभर पसरला. होड्यांतले लोक गप्प झाले. अलीकडच्या काठावर दारूकामासाठी जमलेलं सारं गाव, जे मघापासून "कधी सुरू? कधी सुरू?" करत होतं, तेही गप्प झालं.

कंदील तीनदा फिरवला की तराफ्यावरच्या माणसांनी बत्ती द्यायची, असं ठरलं होतं. दौलतराव कंदील घेऊन धक्क्यावर उभे होते. गावाचे सात टोल पडले. त्यांनी कंदील फिरवला नाही. अक्षता पडल्या, ढोल वाजला, तेव्हाच तो हात वर गेला. मग काय बाण सुटले म्हणता! खाडी लाल झाली, हिरवी झाली. मला मात्र त्यापेक्षा तो धवलाच आवडला. दौलतरावांना परत होड्यांतून यायचा धीर झाला नाही, म्हणून ते दारूकाम संपेपर्यंत लग्नाच्या पंगतीत बसले आणि दोनदा भात मागून घेतला.

त्यानंतर महिनाभर घरोघर हीच गोष्ट. ठमाबाईचं कौतुक झालं, मुकादमांचं झालं. माझं नाव? छे! काळुरामने तेवढी माझ्या तुटल्या जागी गाठ मारली, त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "राखलीस रं लाज." एवढ्यावर मी बारा वर्षं काढली. पुढे तरीला तारेचा नवा दोर आला आणि मी या कोपऱ्यात आलो. ठमाबाईही गेली.

गेल्या वर्षी पुन्हा दारूकाम झालं. तारेचा दोर जड म्हणून होड्या अडवायला मलाच बाहेर काढलं. या खेपेला दवंडीत स्पष्ट सांगितलं होतं, "गावाच्या घड्याळाने सात." आणि मित्रांनो, कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हुकूम दिला नव्हता, पण प्रत्येक होडी आली आणि शेजारणीला काठाला काठ लावून उभी राहिली. भिवा आणि गोविंदासुद्धा! एका नव्या पोराने फट ठेवली, तर भिवा त्याच्यावर खेकसला, "लाव जवल. कोनाला पल्यार जावाचं आसल तर?"

आणि खरंच एक बाई आली. तिने मला धरलं आणि भराभर पुढे निघाली. मधल्या गाठीशी तिचा हात अडकला. ती थांबली, वाकली, तुटलेला पेड तिने बोटांनी चाचपला.

"ह्योच ना तो?" तिने विचारलं.

"ह्योच, सगुने," भिवा म्हणाला.

सगुणा! ठमाबाईने तिला सगळे धवले शिकवले होते, आणि आता तीही एका पोरीचं लगीन लावायला पलीकडे निघाली होती. तिने आपल्या ओटीतला हळदीचा दोरा काढला आणि माझ्या गाठीवर बांधला. अजून आहे तो, बघा, थोडा फिकट झालाय.

मित्रांनो, वाट कधी कधी अडवावी लागते. दौलतराव चुकले नव्हते. पण कोणाची वाट अडवाल, तेव्हा पलीकडे कोण खोळंबलंय, एवढं विचारत जा. आणि तुम्ही स्वतः अडकलात, तर नुसते चडफडत बसू नका. शेजाऱ्याच्या जवळ सरका, मध्ये फट ठेवू नका. बाकी माझं मागणं थोडं आहे. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलंय. पावसाळ्याआधी मला एकदा उन्हात टाका. टाकताना गाठीवरचा दोरा तेवढा सोडू नका, तो सगुणाने बांधलाय.