जाफर, काढ!

"आज तुज्या बाजूनं एक जरी गोल गेला, तर उद्यापास्नं मैदानाकडं फिरकायचं न्हाई," लालासाहेब म्हणाले आणि तोंडातली सुपारी त्यांनी या गालातून त्या गालात सारली. जाफर खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर बघितलं, लालासाहेबांचे ओठ हलायचे थांबल्यावर "बरं अण्णा" म्हणाला आणि दुसऱ्या बुटाकडे वळला.

लालासाहेब म्हणजे जोतिबा तालमीच्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष, मॅनेजर, देणगीदार आणि कोणी विचारलं नसलं तरी प्रशिक्षक. त्यांचा पुतण्या साईराज शेजारीच नवेकोरे बूट घालून बसला होता. साईराजच्या पायात कला होती, नाही असं नाही. चेंडूवरून पाय फिरवून फिरवून तो समोरच्याला गरगरायला लावायचा आणि त्याचे दोस्त ते मोबाईलवर टिपून घ्यायचे. पण बॅकच्या जागेवर या कलेचं काय काम, हे लालासाहेबांना विचारायची कोणाची टाप नव्हती. पुढच्या जागा भरलेल्या होत्या. पुतण्याला बसवता येईल अशी जागा एकच होती आणि तिथे मिसरूड फुटल्यापासून जाफर नदाफ उभा होता. त्याला हलवायला फक्त निमित्त हवं होतं, आणि साताऱ्याच्या संघाशी फायनल असताना निमित्ताला काय तोटा.

जाफर माधवनगरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की तो चालू करायचा, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान केव्हाच कामातून गेले होते. कारखान्यात कोणी कोणाचं ऐकत नाही. ओठ बघायचे, हात बघायचे आणि समजून घ्यायचं. मैदानावरही त्याचं असंच चालायचं. पण हे त्याने तालमीत कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून 'बहिरा बॅक' हे नाव पडलं असतं. नावं ठेवायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही.

त्याचा खेळ दिसायला अगदी बेचव. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि लांब मारून द्यायचा. बस्स. त्यात गिरकी नाही, उडी नाही. गोल वाचवल्यावर छाती पुढे काढून पळणं नाही. बॅक चांगला खेळला की त्याच्या बाजूला काहीच घडत नाही, आणि काही न घडलेलं बघायला लोक ऊन खात उभे राहत नाहीत.

म्हणूनच मैदानाच्या दोन बाजूंना त्याच्याबद्दल दोन मतं होती. पिंपळाच्या पाराकडे बसायची ती जुनी गिरणीतली माणसं. त्यांचे पुढारी नाथाजी. पंचाहत्तरी ओलांडलेला, काटकुळा, तोंडाने फटकळ म्हातारा. जाफरवर त्यांचा स्वतःच्या मुलापेक्षा जास्त जीव होता, आणि मुलाच्या तोंडावरही ते हे सांगत. गेटाकडे मोटारसायकलींवर बसायची ती तरणी पोरं. त्यांना जाफर डोळ्यांसमोर नको असायचा.

दोन्हीकडच्यांची आरोळी मात्र जवळजवळ एकच होती. चेंडू जाफरच्या जवळ आला की पिंपळाकडून ओरडायचे, "जाफर, काढ!" म्हणजे मार लांब, टळू दे संकट. त्याच वेळी गेटाकडून ओरडायचे, "जाफरला काढ!" फरक काय तो एका 'ला'चा. जाफरच्या कानांना तो 'ला' कधी ऐकूच यायचा नाही. तो बाजू बघायचा. पिंपळाकडून आलेला 'काढ' चेंडूसाठी, गेटाकडून आलेला 'काढ' आपल्यासाठी, एवढा सोपा हिशोब त्याने मनाशी ठेवला होता आणि तो कधी चुकला नव्हता.

पावसाळ्याआधी मिरजेच्या सामन्यात त्याच्या नडगीला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. बॅकच्या आयुष्यात हे कधी ना कधी व्हायचंच. पण गेटाकडच्या एकाने ते मोबाईलवर घेतलं, त्याला गाढवाचं ओरडणं जोडलं आणि सगळ्या ग्रुपांवर सोडून दिलं. तेवढा पाच सेकंदांचा प्रकार बघता बघता कवठे महांकाळला जाफरच्या बायकोच्या, नौशीनच्या, माहेरी पोचला. तिच्या सख्ख्या भावाने, अश्फाकने, तो हसरी तोंडं लावून तिलाच परत पाठवला. नौशीन भावाशी फोनवर भांडली आणि मग नवऱ्याकडे वळली. ती म्हणाली, या गावाला तुमची किंमत नाही, सोडून द्या. जाफरने भाकरीचा तुकडा मोडत तिला सांगितलं, की आठवडाभर मी दुसऱ्याचे माग चालवतो, रविवारचा खेळ तेवढा माझा आहे. नवरा कधी इतकं लांब वाक्य बोलल्याचं नौशीनला आठवत नव्हतं.

तर फायनल सुरू झाली. पहिल्या अर्ध्यात जोतिबा तालमीने कॉर्नरवरून एक गोल मारला आणि नंतर सगळा संघ मागे येऊन उभा राहिला. साताऱ्याचा उजव्या बाजूचा पोरगा हरणासारखा पळत होता. जाफर त्याच्याबरोबर पळत नव्हता, त्याला तेवढा दम उरलाच नव्हता. तो फक्त त्या पोराला जिथे जायचंय तिथे आधी जाऊन उभा राहायचा. पोरगा वैतागला. त्याने एकदा कोपर मारलं, एकदा शिवी दिली. जाफरला शिवी ऐकू आली नाही, त्यामुळे भांडण झालं नाही.

गेटाकडच्यांना हे बघवेना. आपला संघ जिंकतोय याचा आनंद बाजूला राहिला. जाफर चुकत नाही याचंच त्यांना दुःख. त्याने चेंडू बाहेर मारला की गाढवाचा आवाज काढायचे. लालासाहेब रेघेवर येरझाऱ्या घालत होते, आणि साईराज उठून अंग सैल करायला लागला होता. गोल खाल्ला असता तर काकांची सोय झाली असती. पण गोल काही जाईना.

सामना संपत आला असताना साताऱ्याच्या पोराने उंच चेंडूवर उडी घेतली, जाफरनेही घेतली आणि दोघे एकमेकांवर आदळून खाली आले. जाफरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात गेटाकडच्या कोणीतरी तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. बोलणं नाही तरी शिट्टी जाफरला ऐकू येत असे. त्याला वाटलं, रेफरीने खेळ थांबवला. तो सावकाश उठला, गुडघ्यावरची माती झटकली. चेंडू त्याच्या मागे दोन हातांवर पडला होता, जिवंत. त्याला काय माहीत.

त्याने पिंपळाकडे बघितलं. नाथाजी पारावर उभे होते, दोन्ही हात बाहेरच्या बाजूला जोरजोरात फेकत होते. त्यांचे ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. काढ. भायेर काढ. त्यांच्या मागे सगळा पार उभा राहून तेच म्हणत होता.

खेळ थांबलाय, चेंडू कुठे दिसत नाही, मग काढायचं कोणाला? जाफरने नाथाजींच्या ओठांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग तो मान खाली घालून रेघेकडे चालू लागला. मागे जयराज गोलकीपरने बोंबलत धाव घेतली आणि तो चेंडू कसाबसा बाहेर लाथाडला. जाफरने मागे वळून पाहिलं नाही. लालासाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता साईराजला आत ढकललं. गेटाकडे एकच जल्लोष झाला.

सामना एक-शून्यने जिंकला. साईराजचा पाय चेंडूला एकदाही लागला नाही, तरी पोरांनी त्यालाच खांद्यावर घेतलं. जाफर बूट काढून रेघेपलीकडे बसला होता. नाथाजी काठी आपटत त्याच्यापर्यंत आले आणि त्याच्या पुढ्यात उभे राहिले.

"का आलास रं भायेर?"

"तुमीच म्हनालासा न्हवं, आबा. काढ म्हनून."

नाथाजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते त्याच्याकडे वाकले.

"आरं, बॉल काढ म्हनत हुतो मी. तुज्या मागंच पडला हुता की त्यो. तुला कशाला काढीन मी लेकरा? मी तुला काढीन व्हय?"

पारावरची माणसं गोळा झाली होती. आता ती नाथाजींवरच उलटली. एकजण म्हणाला, या म्हाताऱ्याला कोणी सांगितलंय मध्ये मध्ये वरडायला. दुसरा म्हणाला, पोराचं नुकसान केलं. मघाशी हेच सगळे नाथाजींच्या मागे उभे राहून घसा फोडत होते, पण ते आता कोण आठवतंय. नाथाजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. गिरणीच्या संपातही ज्याने डोळ्यांतून पाणी काढलं नाही असं सांगतात, तो माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला.

जाफर उठला. आपल्या शर्टाने त्याने म्हाताऱ्याचं तोंड पुसलं.

"आवं आबा, चेष्टा केली मी. गुडघा गेला माजा, म्हनून आलो. मी येनारच हुतो. तुमचं वरडनं मला कुठं ऐकू येतंय तितनं?"

नाथाजींनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. बुडत्याला काडीचा आधार. ती काडी त्यांनी घट्ट धरली आणि मग ते सगळ्यांना सांगत सुटले. पारावर सांगितलं, रेफरीला सांगितलं, गेटाकडे जाऊन त्या पोरांना शिव्यांसकट सांगितलं, की गुडघा मोडेस्तोवर खेळला जाफर, तुमच्यात हाय का कोन असला? शेवटी त्यांनी ते लालासाहेबांना सांगितलं.

लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारीसाठी आमच्याकडे अडकित्ता लागतो. लालासाहेबांना माणूस कातरायला तोही लागत नसे. बक्षीस समारंभात चषक घेऊन झाल्यावर ते माईकपाशी गेले आणि म्हणाले, की आपल्या तालमीचे ज्येष्ठ खेळाडू जाफरभाई नदाफ गुडघ्याच्या दुखापतीमुळे आज मैदानाचा निरोप घेत आहेत, त्यांचा आपण शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करत आहोत. शाल तयार होती. पाहुण्यांसाठी आणलेल्यांतली एक उरली होती.

आमच्याकडे माणसाला हाकलायचं असलं तर शिव्या देत नाहीत, शाल घालतात. शिवीला उत्तर देता येतं. शाल अंगावर पडली की माणसाला हात जोडावेच लागतात. गेटाकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. जाफरच्या नावाने त्या बाजूने टाळी पडलेली आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

जाफरच्या हातात नारळ होता. समोर माईक होता. माझा गुडघा धड आहे, माझ्या बाजूने आज गोल गेलेला नाही, मी पुढच्या रविवारी खेळणार आहे, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? त्याने तोंड उघडलंही. पण पहिल्याच रांगेत खुर्चीवर नाथाजी बसले होते. ते टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्याला गुडघ्याचं सांगत होते. जाफरने नारळ कपाळाला लावला आणि तो खाली उतरला.

घरी नौशीनने शाल बघितली आणि काय झालं ते तिला न सांगता कळलं. तरी तिने तेल गरम करून आणलं, त्याची पँट वर सारली आणि गुडघा दाबून बघितला. सूज नव्हती, खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तिने वर बघितलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

"मग जावा की आत्ता," ती म्हणाली. "त्या लालासायबाच्या दारात नाचून दाखवा, म्हनावं धडधाकट हाय मी. तुमी चोर हायसा काय गप बसायला?"

"म्हातारं मरंल गं," जाफर म्हणाला.

नौशीनला राग आवरेना. ती गावाला बोलली, गेटाकडच्या पोरांच्या सात पिढ्यांना बोलली, लालासाहेबांना बोलली आणि नाथाजींनाही सोडलं नाही. बोलून बोलून थकली तेव्हा तिने ते तेल तसंच त्याच्या धड गुडघ्याला चोळायला घेतलं.

आता रविवारी साईराज बॅक खेळतो. चेंडूवरून पाय फिरवतो, गोल खातो आणि त्याची मोबाईलवर छान चित्रं निघतात. गोल गेला की गेटाकडची पोरं गोलकीपरला शिव्या देतात. जयराज म्हणतो, माझ्यापुढं आता कोणी उभंच नसतं. तो असं म्हणतो, पण हळू आवाजात.

जाफरचा कारखान्याला जायचा रस्ता मैदानाच्या कडेने, पारावरून जातो. घरातून निघताना तो ताडताड चालतो. पारावर नाथाजी दिसले, की मात्र तो पाय ओढत चालायला लागतो. वळणाच्या पलीकडे गेला की पुन्हा नीट चालतो. परवा घाईत असताना त्याचा गोंधळ झाला. आधीच्या दिवशी तो डाव्या पायाने लंगडत गेला होता, त्या दिवशी उजव्या पायाने लंगडला. पारावरच्या एकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने नाथाजींना कोपराने ढोसलं.

नाथाजींचे कान अजून शाबूत आहेत आणि डोळे तर घारीसारखे आहेत. ते बराच वेळ जाफरच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिले.

"दोन्ही गुडघं गेलं बिचाऱ्याचं," ते म्हणाले.

आणि ढोसणाऱ्याकडे त्यांनी असं बघितलं, की पारावर त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही.