नऊ अंशांत मावलेला आवाज

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या इल्पो सार्कोलाच्या तळघरातल्या स्टुडिओत जमिनीवर चार पेडल होते, सात वायरी, एक अॅम्प्लिफायर, सुताराकडचा एक कोनमापक आणि हिल्का वुओरेलाचा सुजलेला उजवा पाय. चार पेडलांपैकी सगळ्यात जुना मी.

मित्रांनो, मी वाह पेडल आहे. गिटारची वायर माझ्या एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. माझ्या पाठीवरची पाटी पायाने मागेपुढे झुलवली की आतली दातेरी पट्टी एका दातेरी चाकावरची छोटी कळ फिरवते, आणि गिटारचा सूर माणसासारखं तोंड उघडतो, मिटतो. टाच दाबली की 'ऊ', पंजा दाबला की 'आ'; दोन्ही मिळून 'वाह'.

माझा जन्म १९७१ सालचा, इटलीतल्या एका लहान गावातला. एका बाईंनी माझ्या पोटातलं तांब्याच्या तारेचं वेटोळं हाताने गुंडाळलं. त्यांचा हिशेब चुकून काही वेढे जास्त पडले असावेत, कारण माझ्या बरोबरच्या भावंडांपेक्षा माझा आवाज जरा खाली लागतो. १९७६ मध्ये मी हिल्काकडे आलो. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तळ्याकाठच्या नाचघरांत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवायची. रात्रभर टँगो चालायचे, त्यात मला काम नसे. पण प्रत्येक कार्यक्रमात एक गाणं माझं असायचं. तेव्हा नाचणारे थांबून तिच्या पायाकडे बघायचे. "ही बाई पायाने बोलते," असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

१९८९ च्या हिवाळ्यात सामान उतरवताना ती बर्फावर घसरली. घोटा मुरगळला. त्या संध्याकाळी तिने वाजवलं, दुसऱ्या दिवशीही वाजवलं. डॉक्टरांकडे मात्र गेली नाही. नऊ वर्षांनी वाद्यवृंद मोडला. मला एका खोक्यात घालून तिने उन्हाळी घराच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे मी चौदा हिवाळे काढले. माझ्या सांध्यातलं वंगण गोठत, वाळत, घट्ट होत गेलं. तिच्या सांध्यात काय होत होतं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आता हिल्का अठ्ठावन्न वर्षांची होती आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करत होती. सगळं झालं होतं. शेवटच्या गाण्यातले एक्केचाळीस सेकंद तेवढे राहिले होते, आणि त्यांच्यासाठी तिने मला शेडमधून काढून आणलं होतं. आणि गुरुवारी सकाळी सात वाजता तिला रुग्णालयात हजर व्हायचं होतं. तिथे तिच्या घोट्याची हाडं स्क्रूने एकमेकांना जोडणार होते. दुखणं थांबणार होतं, पण घोटा पुन्हा कधी हलणार नव्हता.

इल्पो तिच्या वाद्यवृंदातला जुना बास गिटारवादक. त्याने कोनमापक लावून तिचा घोटा किती वळतो ते पाहिलं.

"नऊ अंश," तो म्हणाला.

"नीट बघ की. चष्मा लाव."

"लावलाय. नऊच आहेत, हिल्का. पेडलची पूर्ण फेरी वीस अंशांची."

"मग कमी फेरीचा पेडल शोध. त्यासाठीच बाकीचे तीन आणलेत ना तू?"

इल्पोने एकेक जोडला. पहिला नवा कोरा, झुलायला हलका, पण मागे सतत फुसफुस करत होता. नाचघरात ती कुणाला ऐकू आली नसती, स्टुडिओत मात्र आधी तीच ऐकू येत होती. दुसऱ्याची फेरी सगळ्यात लहान, घोट्याला अगदी सोयीची. हिल्काने चार सूर वाजवले आणि थांबली. "हा दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा बोलतो." तिसऱ्याने सूर काढण्याआधी रेडिओ पकडला. मासेमारीसाठी हवामान कसं आहे ते आम्ही सर्वांनी ऐकलं.

मग मी. तिने टाच टेकवून एकच सूर छेडला आणि डोळे मिटले.

"हाच," ती म्हणाली.

पण मी हललो नाही. तिने पंजा दाबला, घोटा पांढरा पडेपर्यंत दाबला. मी जागचा ढळलो नाही. मित्रांनो, मला हलायचं होतं.

"डाव्या पायाने बघ," इल्पो म्हणाला. तिने पाहिलं. डावा पाय प्रत्येक वेळी उशिरा आला.

"मग नुसती गिटार वाजव. मी नंतर तो आवाज याच्यातून सोडतो आणि पाटी हाताने हलवतो."

"तू? तुला कॉफी ढवळताना ताल सापडत नाही, इल्पो."

"बावीस वर्षं तुझ्या शेजारी बास वाजवला मी!"

"म्हणूनच सांगते." मग तिचा आवाज उतरला. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांवर पाय हलवला रे. या एकावर तरी माझाच असू दे."

बुधवारी सकाळी इल्पोला युक्ती सुचली. तळघरात सौना, म्हणजे तापल्या दगडांची शेकायची खोली, होताच. "साठ अंश तापमानाला वंगण मऊ होतं. वीस मिनिटं शेकला की सुटेल." त्याने मला खालच्या फळीवर ठेवलं. सौना तापलाच आहे म्हटल्यावर तोही कपडे काढून वरच्या फळीवर बसला. युक्ती बरोबर होती. अकराव्या मिनिटाला माझ्या सांध्यात काहीतरी सैल झालं, चौदा वर्षांत पहिल्यांदा. आणि तेराव्या मिनिटाला इल्पोने, जन्मभराच्या सवयीने, पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं.

वाफ माझ्या प्रत्येक फटीतून आत शिरली.

"अरे देवा," वरून आवाज आला. "अरे देवा, देवा."

तो पंचा गुंडाळून मला घेऊन धावत आला. वायर जोडली. मी आता सहज हलत होतो, पण हलताना खरखरत होतो, वाळू चावल्यासारखा.

"पेडलला सौना दिलास?" हिल्का म्हणाली. "पाणी टाकून?"

"हात आपोआप गेला गं."

तिला हसू आलं. हसता हसता ती जमिनीवर बसली आणि रडू लागली. "संपलं. उद्या सकाळी सात वाजता संपलं सगळं."

इल्पोने माझी तळाची पाटी उघडली, केस वाळवायच्या यंत्राने मला पाऊण तास वाळवलं, कापसाने कळ पुसली. खरखर कमी झाली, गेली नाही. मग उघड्या पोटाकडे बघत तो म्हणाला, "हिल्का, तुझे नऊ अंश म्हणजे याच्या फेरीचा निम्म्याहून कमी भाग. मी हे चाक काही दाते सरकवून बसवू शकतो. आवाजाचा कुठला भाग मिळेल ते ठरवता येईल. सगळा नाही मिळणार. कुठला हवा ते सांग."

तिने नाक पुसलं. "सगळे लावून दाखव."

वरचा भाग लावला. तो समुद्रपक्ष्यासारखा किंचाळला. मधला भाग लावला. तो चांगला होता, सगळ्यांचा असतो तसा. मग इल्पोने चाक मागे सरकवून खालचा भाग लावला. तिथे 'आ' येतच नव्हता. सूर तोंड उघडायला जायचा आणि ओठांशी थांबायचा, सांगायचं खूप असलेल्या पण सांगता न येणाऱ्या माणसासारखा.

"हा," हिल्का म्हणाली.

"पण यात वाह कुठंय?"

"ते नाचघरात वाजवलंय मी. चाक तिथेच घट्ट कर."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही पडून असेल, तर महिन्यातून एकदा ते हलवा. वाजवता आलं नाही तरी चालेल. आणि कुठे दुखत असेल तर तो पायही कुणाला तरी दाखवा. सांधा एकदम बंद होत नाही. तो रोज थोडा थोडा बंद होतो, आणि त्याचा आवाज येत नाही.

पहिल्या प्रयत्नात तिचा पाय विसाव्या सेकंदाला थांबला. दुसऱ्यात पस्तिसाव्या. इल्पोने काळी सॉसेज आणि लिंगोनबेरीचा जॅम पुढे केला, तिने नको म्हणून मान हलवली. तिसऱ्या वेळी तिने बूट काढला. तिची उघडी टाच माझ्या पाठीवर आली. ती गरम होती. मी जेवढा हलू शकत होतो तेवढा हललो.

वाजवून झाल्यावर तिला उठता आलं नाही. इल्पोने ते दोनदा ऐकलं आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदपट्टीवर लिहिलं:

तिसरा प्रयत्न. लांबी एक्केचाळीस सेकंद. पायाच्या फेऱ्या तेहतीस. खरखर दोन ठिकाणी: बाराव्या सेकंदाला आणि एकोणतिसाव्या सेकंदाला.